आतली सोनोग्राफी: कव्हर घातलं की झालं?

ओंजळ

सोनोग्राफीच्या खोलीत मी अकरा वर्षं काम केलं. आता ते काम सोडलंय, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही म्हणून हा धागा काढतेय.

एके दिवशी योनीमार्गातून केलेला स्कॅन संपला आणि मी प्रोबवरचं, म्हणजे सोनोग्राफीच्या दांड्यावरचं, कव्हर काढत होते. प्रोबच्या टोकाला किंचित गुलाबी झाक दिसली. कव्हर वरून अगदी धड होतं. ते टाकून न देता मी सिंकपाशी नेलं आणि नळाखाली धरून पाण्याने भरलं. फुगा टम्म झाला. मग टोकाच्या थोडं बाजूला एक थेंब जमला, गळला, आणि तिथंच दुसरा जमायला लागला. भोक काही केल्या दिसत नव्हतं, थेंब मात्र येत राहिले. त्या दिवशी त्या एका प्रोबने सात जणींची तपासणी झाली होती. प्रत्येकीनंतर मी तो टिश्यूने पुसला होता, वरून स्पिरिटचा बोळा फिरवला होता आणि हुकाला लटकावला होता. मला तसंच शिकवलं होतं आणि मीही पुढे दोघींना तसंच शिकवलं होतं.

आतून वापरायचे प्रोब मुख्यतः तीन. योनीमार्गातला टीव्हीएसचा, गुदमार्गातला (प्रोस्टेटसाठी) आणि घशातून अन्ननलिकेत उतरवायचा, हृदय पाहण्यासाठीचा टीईईचा. पोटावरून फिरवायच्या प्रोबशी यांची तुलनाच नको. तो शाबूत कातडीला लागतो, हे आतल्या ओल्या, नाजूक अस्तराला लागतात. वस्तू कुठे टेकते त्यावरून ती किती स्वच्छ हवी हे ठरवायची पद्धत अर्ल स्पॉल्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात घालून दिली आणि जगभर अजून तीच चालते. कातडीला लागणारी वस्तू साध्या जंतुनाशकाने पुसली तरी चालते. अस्तराला लागणारीला 'हाय लेव्हल डिसइन्फेक्शन' लागतं. त्यात काही चिवट बीजाणू सोडले तर सगळे जंतू मरायला हवेत. आणि निर्जंतुक ऊतीत शिरणारी वस्तू पूर्ण निर्जंतुकच हवी.

स्पिरिटचा बोळा पहिल्या पायरीला पुरतो. दुसऱ्या पायरीच्या जवळपासही तो जात नाही.

'पण कव्हर असतं ना?' हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकलाय आणि स्वतःलाही विचारलाय. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याचं उत्तर सरळ दिलंय: कव्हर वापरलं असलं तरी योनीमार्गातले आणि गुदमार्गातले प्रोब दर रुग्णानंतर स्वच्छ करून त्यांचं हाय लेव्हल डिसइन्फेक्शन करायचंच. त्याच दस्तऐवजात एका अभ्यासाचा दाखला आहे. त्यात प्रोबसाठी म्हणून विकली जाणारी कव्हरं ८.३ टक्के वेळा गळकी निघाली होती आणि साधे कंडोम १.७ टक्के. म्हणजे कंडोम बरा, पण तोही बिनचूक नाही. शिवाय कव्हर न फाटताही प्रोब खराब होतो, हे लक्षात घ्या. कव्हर उतरवताना बाहेरची ओल हाताला लागते आणि तोच हात प्रोबच्या मुठीला लागतो. मूठ तर कव्हरच्या बाहेरच असते आणि धुताना नेमकी तीच विसरली जाते. मुठीच्या खाचांमध्ये वाळलेल्या जेलचे पांढरे पापुद्रे मी स्वतः नखाने काढलेत.

कुणाला घाबरवायचं नाहीये. ही तपासणी फार उपयोगाची आहे, गरज असेल तेव्हा ती टाळू नका. फक्त पुढच्या बाईसाठी प्रोब कसा तयार होतो हे सगळ्यांना माहीत असावं असं मनापासून वाटतं.

पाऊलखूण

वाचून पोटात गोळा आला. गेल्या काही महिन्यांत माझी बीजांडांची वाढ पाहायला पाच-सहा वेळा आतली सोनोग्राफी झाली. कव्हर घालताना मी पाहिलंय, पण त्याआधी प्रोबचं काय करतात हे कधी विचारलं नाही. आडवं झाल्यावर, अंगावर नुसती चादर असताना विचारायचं तरी कसं? त्या क्षणी माणूस लवकर सुटका व्हावी एवढंच बघतो. पुढच्या आठवड्यात परत जायचंय. काय विचारू?

ओंजळ

म्हणूनच आडवं व्हायच्या आधी विचारायचं, कपडे बदलायलाही जाण्यापूर्वी. 'प्रोब दोन पेशंटच्या मध्ये कशाने निर्जंतुक करता? द्रावणात बुडवता की मशीनमध्ये ठेवता?' एवढंच. नीट चालणाऱ्या ठिकाणी याचं उत्तर लगेच मिळतं, कारण ते रोजचं काम असतं. 'आम्ही कव्हर घालतो ना' एवढंच उत्तर आलं तर पुढे विचारा, 'कव्हरच्या आधी काय?'

बीजांडांची वाढ बघायची आहे म्हणजे गर्भधारणेचा प्रयत्न चालू असणार, म्हणून आणखी एक. काही जेल शुक्राणूंच्या हालचालीला मारक ठरतात. आधी सांगून ठेवलंत तर कव्हरवर सलाइन किंवा शुक्राणूंना चालणारं जेल लावता येतं. रबराची ॲलर्जी असेल तर तेही आधीच सांगा, लॅटेक्स नसलेली कव्हरं मिळतात. आणि तेलकट वंगण लॅटेक्सवर कधीच लावू द्यायचं नाही, त्याने रबर कमकुवत होऊन फाटतं.

देवराई

भूलतज्ज्ञ आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेत टीईईचा प्रोब जवळजवळ रोज हातात असतो, म्हणून त्याबद्दल लिहितो.

२०१२ साली ब्रिटनच्या एमएचआरए या नियामक संस्थेने एक सूचना काढली होती. एका रुग्णाचा हिपॅटायटिस बीच्या संसर्गाने मृत्यू झाला होता, आणि दोन रुग्णांच्या मध्ये टीईईचा प्रोब नीट निर्जंतुक न केल्याशी त्याचा संबंध असावा असं त्यांना दिसलं. नुसत्या पुसण्याने काय होऊ शकतं हे कुणी विचारलं की मी हेच सांगतो.

या प्रोबचा धोका जंतूंपुरता नाही. लवचीक असला तरी तो बोटाएवढा जाड असतो आणि मुठीवरच्या चक्रांनी त्याचं टोक वाकवता येतं. टोक वाकवून कुलूप लावलेलं असताना प्रोब ओढला तर अन्ननलिका फाटू शकते. अन्ननलिकेला भोक पडण्याचं प्रमाण फार कमी आहे, दहा हजारांत साधारण एक ते नऊ. पण ज्याच्या वाट्याला ते येतं त्याच्या जिवावर बेततं. म्हणून माझा नियम एकच: आत सरकवताना किंवा बाहेर काढताना कुलूप उघडं, टोक सरळ, आणि अडथळा लागला तर जोर लावायचा नाही. थांबायचं.

गिळताना अडकत असेल, अन्ननलिका अरुंद असेल, तिथे गाठ किंवा पिशवी असेल, पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल, रक्ताची उलटी झाली असेल तर हे आधी सांगा. आम्ही विचारतोच, पण घाईच्या वेळी सुटून जाऊ शकतं. कवळी काढून ठेवायची. जागेपणी करायची असेल तर सहा तास घन पदार्थ बंद. घसा बधिर करणाऱ्या फवाऱ्यात बेंझोकेन असेल तर क्वचित रक्तातलं हिमोग्लोबिन बदलून ऑक्सिजन वाहायचं बंद करतं. ओठ निळे-राखाडी दिसू लागले तर ते लगेच ओळखावं लागतं, त्यावर मेथिलीन ब्लू हा उतारा आहे.

दातांमध्ये बाइट ब्लॉक ठेवतो तो बोट आणि प्रोब दोन्ही वाचवण्यासाठी. दाताची एक बारीक खूण प्रोबच्या वेष्टनावर उमटली तरी आत ओल शिरते. मग तिथे जंतू बसतात आणि वीजगळतीचाही धोका असतो. म्हणून प्रत्येक वापरानंतर प्रोब उजेडात धरून, बोट फिरवून तपासायचा आणि वीजगळतीची चाचणी करायची. खरचटलेला प्रोब कितीही बुडवला तरी तो स्वच्छ झाला असं मी मानत नाही.

जिज्ञासा३

उपयुक्त धागा. एक शंका. एचपीव्ही या मार्गाने पसरू शकतो का? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं कारण तोच विषाणू ना? मग ज्या द्रावणात बुडवतात त्याने तो मरतो का?

सूक्ष्म

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. प्रश्न नेमका आहे.

एचपीव्हीला मेदाचं बाह्य आवरण नसतं. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी यांसारख्या आवरण असलेल्या विषाणूंना जंतुनाशकं तुलनेने सहज मारतात, कारण आवरण फुटलं की विषाणू निकामी. आवरण नसलेले विषाणू चिवट. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगशाळेतल्या अभ्यासात एचपीव्ही-१६ या प्रकारावर ग्लुटाराल्डिहाइड आणि ओपीए ही दोन्ही नेहमीची द्रावणं फारशी परिणामकारक दिसली नव्हती. त्यानंतर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या धुक्याची यंत्रं आणि क्लोरीन डायऑक्साइड यांच्याकडे लक्ष अधिक वळलं. प्रयोगशाळेतला निष्कर्ष आणि प्रत्यक्षात एका बाईकडून दुसरीला संसर्ग होणं यात अंतर आहे, हे खरं. पण कोणती पद्धत निवडायची हे ठरवताना तो निष्कर्ष विसरून चालणार नाही.

पद्धत कोणतीही असो, पहिली पायरी धुण्याची. चिखलाचं भांडं नुसतं उकळून स्वच्छ होत नाही, तसंच हे. जेल, रक्त, स्राव यांचा थर राहिला तर त्याखाली रसायन पोहोचतच नाही. आधी साबणासारख्या द्रवाने पूर्ण धुवायचं, खाचांत मऊ ब्रश फिरवायचा, कोरडं करायचं आणि मगच बुडवायचं. ओपीएचं ०.५५ टक्के द्रावण असेल तर हाताने बुडवताना २० अंश सेल्सिअसला १२ मिनिटं ही अमेरिकेतली मान्य वेळ आहे. काही देशांत ती कमी धरतात, म्हणून बाटलीवरच्या सूचनाच प्रमाण. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या यंत्राचं एक चक्र साधारण सात मिनिटांत होतं आणि त्यात मूठही येते, हा मोठा फायदा.

द्रावण रोज वापरून पातळ होत जातं. त्याची ताकद टिकली आहे का हे पट्टीने तपासायचं असतं. मुदत संपायच्या आधी पट्टी नापास झाली तर ते फेकायचंच.

वाटसरू

वडिलांची गेल्या वर्षी प्रोस्टेटची बायोप्सी झाली, गुदमार्गातून. दोन दिवसांनी थंडी वाजून ताप, रात्रीतून दाखल करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आतड्यातले जंतू सुईबरोबर गेले. प्रोबमुळे झालं असेल का, हा विचार तेव्हापासून मनातून जात नाही.

सूक्ष्म

वडील आता बरे असतील अशी आशा. डॉक्टरांनी सांगितलेलं कारण सगळ्यात जास्त आढळणारं आहे. गुदाशयातून सुई प्रोस्टेटमध्ये जाते तेव्हा तिथले स्वतःचेच जंतू आत जातात. म्हणून आधी प्रतिजैविक देतात आणि म्हणूनच आता बरेच जण वृषणाच्या मागच्या कातडीतून, पेरिनियममधून सुई घालणं पसंत करतात. त्यात संसर्ग कमी होतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत काय झालं ते जंतूंच्या तपासणीशिवाय कुणी सांगू शकणार नाही, तेव्हा त्याचा बोल स्वतःला लावून घेऊ नका.

पण तुमची शंका अगदी अनाठायी नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अशा बायोप्सीनंतर चार जणांना स्यूडोमोनास या जिवाणूचा संसर्ग झाला. शोध घेतल्यावर संशय गेला तो सुईला दिशा देणाऱ्या गाइडवर, म्हणजे प्रोबला जोडलेल्या बारीक नळीवर. तिची पोकळी आतून नीट साफ होत नव्हती. त्यानंतर २००६ मध्ये तिथल्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने सावधगिरीची सूचना काढली: दर वापरानंतर भाग सुटे करा, पोकळीत योग्य मापाचा ब्रश घाला, आणि ऊतीत शिरणाऱ्या सुईशी संबंध येणारा गाइड निर्जंतुक करा. एकदाच वापरून टाकायचा गाइड मिळाला तर उत्तमच.

ओंजळ

वाटसरू, वडिलांना लवकर आराम पडो.

सूक्ष्म यांच्या प्रतिसादाला जोडून जेलबद्दल. लोक प्रोबकडे बघतात, बाटलीकडे कुणी बघत नाही. २०१२ मध्ये एफडीएने जेलबद्दल इशारा दिला होता. एका रुग्णालयात शस्त्रक्रियेत टीईईसाठी वापरलेल्या जेलमध्येच स्यूडोमोनास सापडला होता आणि सोळा रुग्णांमध्ये तो पोहोचला होता. प्रोब कितीही नीट धुतला तरी वरून असं जेल लावलं तर सगळं मुसळ केरात. जेल पाणीदार असतं, जंतू त्यात निवांत वाढतात. मोठ्या डब्यातून छोट्या बाटलीत भरत राहणं, बाटलीचं तोंड प्रोबला टेकवणं, उबदार ठेवण्यासाठी तासन्‌तास गरम पाण्यात ठेवणं, हे मी रोज बघितलंय. आतल्या तपासणीत कव्हरच्या बाहेरून लावायचं जेल एकदाच उघडायच्या निर्जंतुक पुडीतलं असावं. सुई घालायची असेल, जसं टेस्ट ट्यूबसाठी बीजं काढताना, तर यात अजिबात सवलत नको.

मोगरा_फुलला

आठव्या आठवड्यात आहे. डॉक्टरांनी आतून सोनोग्राफी सांगितली आणि सासूबाई म्हणतात, नको, गर्भ पडेल. ध्वनिलहरींनी बाळाला उष्णता लागते असंही वाचलं. कुणी नीट सांगेल का?

ओंजळ

मोगरा, सासूबाईंची काळजी समजते, पण प्रोबने गर्भ पडत नाही. प्रोब योनीमार्गात असतो, गर्भाशयाच्या आत जात नाही. इतक्या लवकर गर्भ योग्य जागी आहे का, नळीत तर नाही ना, ठोके आहेत का, हे आतून फार स्पष्ट दिसतं. पुढे वार खाली सरकलेली असली आणि रक्त जात असलं तरी ती कुठे आहे हे पाहायला हीच पद्धत अधिक अचूक आहे. प्रोब हळुवार आणि गर्भाशयमुखापासून थोडा अलीकडे ठेवायचा असतो.

उष्णतेचा प्रश्न मात्र योग्य आहे. पडद्यावर कोपऱ्यात टीआय आणि एमआय असे दोन आकडे असतात. टीआय म्हणजे ऊती किती तापू शकतात त्याचा अंदाज, एमआय म्हणजे लहरींच्या दाबाने बुडबुडे तयार होऊन इजा होण्याच्या शक्यतेचा. ते जितके कमी आणि वेळ जितका थोडा, तितकं चांगलं. साध्या करड्या चित्रात तापणं कमी असतं. स्पंदित डॉप्लर (रक्ताचा प्रवाह मोजणारी, ठोके ऐकवणारी पद्धत) एकाच रेषेवर ऊर्जा ओततो, त्यात ते जास्त. म्हणून इतक्या लवकर ठोके मोजायला डॉप्लर न वापरता एम-मोड (हालचाल रेषेच्या रूपात दाखवणारी पद्धत) वापरतात. ११ ते १४ आठवड्यांच्या तपासणीत डॉप्लर सरसकट लावू नये आणि गरजेने लावला तर टीआय १ च्या वर जाऊ नये, वेळ पाच-दहा मिनिटांत आटपावी, असं आयएसयूओजी या आंतरराष्ट्रीय संघटनेचं म्हणणं आहे. 'ठोके ऐकवा ना' असा हट्ट मीही बऱ्याच आयांकडून ऐकलाय. पडद्यावर लुकलुकताना दिसतात ते बघा, कान नंतर तृप्त होतील.

प्रोबचं टोक स्वतःही तापतं. रुग्णाला लागणारा पृष्ठभाग ४३ अंशांच्या वर जाऊ नये अशी आंतरराष्ट्रीय मानकात मर्यादा आहे. म्हणून बोलताबोलता प्रोब आत ठेवून चित्र चालू ठेवायचं नाही. चित्र गोठवायचं, म्हणजे लहरी थांबतात. आत गरम वाटलं तर लगेच सांगा.

सावली

एक बाजू राहतेय. सुरक्षितता म्हणजे फक्त जंतू नाहीत. मला योनीमार्गाचे स्नायू आवळण्याचा त्रास आहे. पहिल्या वेळी 'सैल सोडा, सैल सोडा' म्हणत प्रोब रेटला गेला आणि मी ओरडले तेव्हा 'आता झालंच' असं उत्तर मिळालं. त्यानंतर दोन वर्षं मी कुठलीच तपासणी केली नाही, रक्तस्राव होत असतानाही.

दुसऱ्या ठिकाणी तंत्रज्ञ ताई म्हणाल्या, 'तुम्ही स्वतः आत घ्या, मी फक्त दिशा सांगते. थांबा म्हणालात की मी थांबणार.' प्रोब माझ्या हातात दिला. कमरेखाली उशी ठेवली. दुखलं, पण मला पेललं. त्याच दिवशी गाठ सापडली.

ओंजळ

सावली, लिहिलंत म्हणून मनापासून आभार. परवानगी एकदा सही करून संपत नाही, ती तपासणी संपेपर्यंत चालू असते. 'थांबा' म्हटलं की प्रोब बाहेर. सोबत एखादी स्त्री हवी असेल तर मागायचा हक्क आहे. ज्यांचा कधी शरीरसंबंध आला नाही त्यांच्यासाठी भरल्या लघवीच्या पिशवीवर पोटावरून पाहता येतं, आधी तेच सुचवायला हवं.

आडवाट

छोटं केंद्र चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. दोन प्रोब आहेत. बारा मिनिटं बुडवायचं, आधी धुवायचं, नंतर खळबळून काढायचं, म्हणजे पाऊण तासात दोन पेशंट. बाहेर रांग लागलेली असते, लांबून आलेली माणसं असतात. नियम बरोबरच आहेत, पण ते पाळणाऱ्याचे हाल कोण बघतं?

ओंजळ

आडवाट, तुमचं म्हणणं मला पटतं. मी तेच काम केलंय. पण वेळ कमी पडतो म्हणून पायरी गाळायची असेल तर ती कुणाच्या अंगावर गाळली जाते तेही बघावं लागेल. रांगेतली बाई तेवढं थांबेल, तिला कारण सांगून बघा. आतल्या तपासण्या एकापाठोपाठ न ठेवता मध्ये पोटाच्या तपासण्या घातल्या की एक प्रोब द्रावणात असताना दुसरा चालतो. आम्ही शेवटी तसंच केलं आणि रांग फारशी वाढली नाही.

आणि वहीत नोंद ठेवा: कोणता प्रोब, कुणाला वापरला, किती वाजता बुडवला, पट्टीचा निकाल काय. उद्या एखादं द्रावण बाद निघालं तर कुणाकुणाला बोलावून तपासायचं हे त्या वहीशिवाय कळणार नाही. तयार प्रोब पेटीत ठेवू नका. ज्या फोमच्या पेटीतून तो आला ती कधीच निर्जंतुक होत नाही. बंद कपाटात उभा टांगा.

पाऊलखूण

आज जाऊन आले. कपडे बदलायच्या आधी विचारलं. मुलगी आधी म्हणाली, 'कव्हर घालतो आम्ही.' मी म्हटलं, 'कव्हरच्या आधी?' ती थोडी गप्प झाली, मग आतून मॅडम आल्या. मला म्हणाल्या, 'वीस मिनिटं बसाल का?' बसले. प्रोब धुतला, निळसर द्रावणाच्या उभ्या नळीत ठेवला आणि घड्याळ लावलं. मॅडम रागावल्या नाहीत. नंतर जेलची नवी पुडी माझ्यासमोर फोडली.

ओंजळ

छान केलंत. द्रावणातून काढल्यावर पाण्याने किती वेळा धुतला, पाहिलंत का? ओपीए असेल तर तीनदा, दर वेळी ताज्या पाण्यात धुवावं लागतं. अंश राहिला तर अस्तराला जळजळ होते, कातडीला लागला तर राखाडी डाग पडतो.

पाऊलखूण

एकदाच नळाखाली धरलेला पाहिला. जळजळ आत्ता तरी नाही.

ओंजळ

रात्रीपर्यंत लक्ष ठेवा, चुरचुरलं तर उद्या फोन करून कळवा. आणि पुढच्या वेळी मॅडमना ही तीन वेळा धुण्याची गोष्ट सांगा. त्यांनी आज वीस मिनिटं दिली आहेत, त्या ऐकतील.